दिवसातून दोनदा

बबिताला सातवा लागला आणि तिच्या हिरड्या सुजल्या. भाकरीचा घास तोंडात घातला की रक्त यायचं. लिंबागणेशच्या माळावर शेळ्या राखून जगणाऱ्या त्या घरात दातदुखीचे लाड कधी कुणी केले नव्हते, पण सासू साखराबाईचा या सुनेवर भारी जीव. पहिलटकरीण पोर, हिनं खाल्लंच नाही तर पोटातलं पोसायचं कसं, हा एकच घोर तिला लागला होता.

तिनं लेकाला, अंगदला, हाताला धरून बसवलं. "फोनमधी बग बरं, गरवारपणात दात दुखले तर काय करावं. समदं वाचून दाखव."

अंगद दहावीपर्यंत शिकलेला. त्याला मजकूर सापडला, मराठीतच सापडला. पण लिहिणाऱ्यानं तो कुणाला कळू नये अशी शपथच घेतली असावी. 'गर्भावस्थेतील संप्रेरकांच्या बदलांमुळे हिरड्यांना दाह संभवतो.' अंगद ठेचकाळत वाचत होता, साखराबाई मान डोलवत होती, आणि दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं.

"दुसऱ्या तिमाहीत उपचार करावेत म्हणतंय. तिमाही तर परीक्षा असती शाळेत. हितं कुठली, काय की."

बबिताला हसू आलं, पण गाल दाबून धरावा लागला.

"म्होरं वाच," साखराबाई म्हणाली.

"तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन वर्ज्य करावे."

"तंबाखू? आपल्यात कोण खातंय तंबाखू? तुजा बाप खायचा, त्यो गेला. म्होरं."

शेवटी एक ओळ मात्र साधीसरळ निघाली. दिवसातून दोनदा दात स्वच्छ करा, रक्त आले तरी थांबू नका.

साखराबाईचा चेहरा उजळला. एवढंच ना! दात स्वच्छ करायचं तिच्याकडे होतंच की, तव्यावर काळीकुट्ट भाजून बारीक कुटलेली मिश्री. तिची आई लावायची, आजी लावायची, ती स्वतःही लावायची. गावातल्या निम्म्या बाया सकाळी तोंडात बोट घालूनच दारात बसायच्या. मिश्री तंबाखूचीच करतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, बाजारातून तंबाखू तीच आणायची. पण तंबाखू म्हणजे बापे चुना मळून खातात ती. मिश्री दाताची. तो मजकूर लिहिणाऱ्याच्या घरात मिश्रीचा डबा नसणार, नाहीतर हा एक शब्द लिहायला त्याचं काय जात होतं?

पहिल्यांदा लावली तेव्हा बबिताला घेरी आली. "सवय हुईल," साखराबाई म्हणाली, आणि झालीच. दुखणं बधिर झालं, पोरगी भाकरी खाऊ लागली. साखराबाई सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं तिच्या तळहातावर चिमूट ठेवायची आणि फोनला दुवा द्यायची.

नववा लागायच्या आतच कळा आल्या. बीडच्या दवाखान्यात मुलगी झाली, अगदी एवढीशी, नीट रडायचंही बळ नसलेली. काचेच्या पेटीत ठेवली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली.

डॉक्टरीणबाईंनी साखराबाईला बाजूला घेतलं. "सून तंबाखू खाते का?"

"देवाची आण, न्हाई."

"मग हिरड्या काळ्या कशानं झाल्या?"

"मिश्री हाय ती, बाई. दाताची. दोनदा मीच देत व्हते."

डॉक्टरीण ओरडली असती तर परवडलं असतं. ती शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात उतरते, आईच्या रक्तातून बाळाला पोचते. मग बाळ वाढत नाही, दिवस भरायच्या आत येतं. त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण त्यानं होतं. साखराबाईला शब्द न् शब्द कळला. इतकं सोपं सांगता येत होतं, तर मग ते फोनमध्ये का नव्हतं? तिला आधी फोनचा संताप आला. मग तोही ओसरला, कारण चिमूट काही फोननं ठेवली नव्हती.

सकाळी घरी आल्यापासून तिनं मिश्रीच्या डब्याला हात लावला नव्हता. दुपारी बबिता खाटेवर पडली होती. चोळी दुधानं भिजली होती, आणि ते प्यायला कुणी नव्हतं.

"आत्या, एक इचारू? रागावू नका. मदी मी कंटाळा केलता. सांजची मिश्री लावलीच न्हाई, आन् तुमाला लावली म्हून सांगितलं. त्यानं तर न्हाई ना गेली माझी बाय?"

साखराबाईला नुसतं 'न्हाई' म्हणून उठता आलं असतं. डॉक्टरीण काही माळावर सांगायला येणार नव्हती. पण पोर आतल्या आत स्वतःला खात होती. साखराबाई खाटेशी खाली बसली.

"लावली न्हाईस ते बेस केलंस, बबे. लावली तेच वंगाळ झालं. मिश्रीत तंबाखूच असती गं. डॉक्टरीण म्हणली, त्यानं लेकरू वाढत न्हाई. म्या दिली तुला. माज्या हातानं दिली."

बबिता शिव्या देईल, माहेरी निघून जाईल, साखराबाईनं सगळ्याची तयारी ठेवली होती.

"आत्या," बबिता म्हणाली, "मला आता बी लई लावू वाटतंय ओ."

आणि तिला रडू फुटलं. साखराबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं. सासूच्याही हिरड्या सकाळपासून ठणकत होत्या, आणि तिलाही तीच तलफ आली होती.