डाव्या वळणाच्या पाच रेघा

"अवो, एखादा तरी तसाच ऱ्हाऊ द्या की," बाळाबाई शेडच्या दारातून नवऱ्याला म्हणाली.

केरबानं मान वर केली नाही. लाकडी दांड्याला एमरीचा कागद गुंडाळून तो सिलिंडरच्या आतून घासत होता. सकाळपासून हेच चाललं होतं. दहा सिलिंडर घासूनपुसून भिंतीशी ओळीनं मांडले होते, अकरावा मांडीत होता. बोटांच्या पेरांत बिडाचा काळा भुगा भरला होता.

"पुण्याचा जाणकार माणूस येणार हाय," तो म्हणाला. "त्येला असलं काम दाखवू व्हय? बावीस वर्सं लेथवर काढली म्या."

"त्यो तुमचं काम बघाया येतोय व्हय? फौजदार घेऊन येतोय त्येला."

"म्हणूनच की. रेघाच दिसल्या न्हाईत तर बोलायला जागाच ऱ्हात न्हाय."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, लबाडी तर त्याहून नाही. पण कामातला डाग दुसऱ्याच्या नजरेला पडू नये, ही खोड त्याच्या अंगात मुरलेली होती. पाहुणे यायच्या आधी बाई घर सारवते, तसा तो सिलिंडर सारवत बसला होता. आणि येणारे पाहुणे कसले, हे बाळाबाईला कळत होतं, त्याला नव्हतं.

केरबा मूळचा कोडोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. गुऱ्हाळावरचं इंजिन दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीच्या मागे लागून तो कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरातच मुरला. पुढं स्वतःची पत्र्याची शेड झाली. काम एकच, विहिरीवरच्या पंपांचे सिलिंडर. सिलिंडर म्हणजे बिडाची, ओतीव लोखंडाची तीन इंची नळी, आतून जितकी गुळगुळीत तितका पंप पाणी चांगलं ओढतो. केरबाचा पंप म्हटलं की राधानगरीकडचे लोकसुद्धा भाव करत नसत.

लढाई संपल्यावर सरकारनं जुनी यंत्रं लिलावात काढली. तेव्हा मुंबईहून त्यानं एक लेथ आणला. हा लांबलचक, काळा, अंगावर नुसता ठोकलेला आकडा. कुठल्या कारखान्यातून आला, काय करत होता, ते लिलाववाल्यालाही ठाऊक नव्हतं. पण यंत्र म्हणजे काय यंत्र होतं. केरबानं पहिल्याच दिवशी त्याच्यावरून हात फिरवला आणि त्या रात्री जेवला नाही, इतका तो खूश होता.

आठवड्याभरात ती भानगड सुरू झाली. बिडाची नळी लावायची, टूल म्हणजे कापायचं पातं आत सोडायचं. हातभर आत गेलं की यंत्र हुंकार द्यायचं. मोठा नाही, झोपेतल्या माणसानं कूस बदलताना द्यावा तेवढाच. आणि नळी काढून उजेडाकडे धरली की आत रेघा. बोटाला लागायच्या नाहीत, नखाला लागायच्या नाहीत, फक्त उजेडात दिसायच्या. पाच रेघा, डावीकडे वळत वळत आत जाणाऱ्या. केरबानं पट्टा बदलला, टूल बदललं, बेअरिंग बदललं, पायाखाली नवं सिमेंट ओतलं. रेघा पाचच, आणि वळण डावंच. भर दुपारी इंजिन बंद करून, शेडमध्ये कुणी नसताना, तो नळीला डोळा लावून बसे. बघता बघता त्या फिरतायत असं वाटायचं आणि मग तो नळी खाली ठेवून बाहेर उन्हात यायचा.

"ह्येला सवय लागलीया कसली तरी," बाळाबाई एकदा म्हणाली. "जल्मभर येकच काम केलं आसंल. ती काय जातीया व्हय?" त्यानंतर ती एकटी असताना शेडमध्ये पाऊल टाकत नसे.

मग केरबा प्रत्येक सिलिंडर हातानं घासायला लागला. रेघा जायच्या, पंप पाणी ओढायचा, कुणाला पत्ता नाही. फक्त एकदा घाई झाली. त्याच्या भावकीतला कृष्णात कोडोलीहून आला होता, विहिरीवर पंप बंद पडलेला, उभा ऊस वाळत चाललेला. न घासलेलाच सिलिंडर घेऊन तो गेला. जाताना आत डोळा लावून हसला. "केरबा, आरं ह्यातनं पाणी येनार का गोळी?"

चेष्टाच ती. पण कृष्णातनं तीच चेष्टा स्टँडजवळच्या हॉटेलात चार माणसांत केली. आणि साल होतं अठ्ठेचाळीस. हैदराबादचं काय होणार ह्या एका गोष्टीवर सगळा मुलूख कान टवकारून बसलेला. कुणी म्हणे रझाकारांना बंदुका विमानातून येतात, कुणी म्हणे कुठल्या तरी खेड्यात तयार होतात. पंधरा दिवसांत फौजदार सयाजीरावांच्या टेबलावर तीन बातम्या पडल्या, तीन वेगळ्या खबऱ्यांच्या. पहिला हॉटेलात बसलेला होता. दुसऱ्याला पहिल्यानं सांगितलं होतं. तिसऱ्यानं दुसऱ्याच्या मेव्हण्याकडून ऐकलं होतं. पण कागदावर तिघांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि तिघं एकच सांगतात म्हटल्यावर फौजदारांना ती खरी वाटली. त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

दुपारी दोघं आले. सयाजीराव धिप्पाड, मिशा राखलेले, बोलणं मोठं. त्यांच्याबरोबरचे नृसिंहपंत किणीकर किरकोळ अंगाचे, टोपी, सुती कोट, कानावर पेन्सिल. ते बंगालकडे बंदुकांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते, आता निवृत्त होऊन पुण्यात राहत. मागे दोन शिपाई. एकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"ह्यो कुणाचा?" सयाजीरावांनी फडकं सोडलं.

कृष्णातचा सिलिंडर. जप्त करून आणलेला.

"माझाच, सायेब. म्याच केलाय."

नृसिंहपंतांनी तो दाराकडे नेला, उजेडाला धरला, एक डोळा मिटला. मग पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली.

"पाच," ते हळूच म्हणाले. "आणि डावीकडं."

"म्हंजे?" सयाजीराव.

"गोळी फिरत जावी म्हणून सरकारी रायफलीच्या नळीला आतून इतक्याच खाचा असतात. वळणही हेच."

"आता बोल," सयाजीराव केरबाकडे वळले.

"सायेब, रायफल कुठली? तीन इंची भोक हाय त्येला."

"मग तोफ आसंल."

"बीड हाय ते. ह्यात बार भरला तर उडवनाऱ्याचंच डोस्कं जाईल."

"हे बरोबर आहे," नृसिंहपंत म्हणाले. "फौजदारसाहेब, बिडाची तोफ करणारा माणूस वेडाच असला पाहिजे. आणि ह्या खाचा नाहीत, नुसत्या सावल्या आहेत. यंत्र थरथरलं की अशा पडतात. केरबा, तुमच्याकडचे बाकीचे सिलिंडर बघू. सगळ्यांत अशाच असतील तर प्रश्नच मिटला."

केरबानं भिंतीकडे बघितलं. नृसिंहपंतांनी भिंतीशी मांडलेला एक उचलला, दुसरा उचलला. अकराच्या अकरा बघितले. आरशासारखे लख्ख. शेवटच्यातून त्यांच्या बोटाला काळा भुगा लागला, तो त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितला.

"हे आज घासलेत?"

"व्हय."

"कशाला हो?"

केरबानं बोटं कोपरीला पुसली. तुम्ही येणार होता, चांगलं दिसावं म्हणून घासले, हे कसं सांगावं?

"म्या सांगतो कशाला," सयाजीराव म्हणाले. "तीन ठिकानची बातमी हाय माज्याकडं. उगंच न्हाय."

पदर तोंडाशी धरून बाळाबाई दारात उभी होती. ती पुढं आली. "सायेब, त्यास्नी डाग दावायची लाज वाटती. दुसरं काय बी न्हाय. यंत्रच रेघा वडतंय. तुमच्याम्होरं लावून दावत्यात की."

हे नृसिंहपंतांना पटलं. ते लेथजवळ गेले. ठोकलेला आकडा बघायला खाली वाकले आणि तिथंच थबकले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"ह्याला मी ओळखतो," ते म्हणाले. "लढाईत आमच्या कारखान्यात रात्रंदिवस रायफलीच्या नळ्याच केल्या ह्यानं. किती हजार, मोजदाद नाही. आम्ही रोज सकाळी नळ्या उजेडाला धरून तपासायचो." त्यांनी हात पुढं केला, पण यंत्राला लावला नाही. "लावा, केरबा. बघू द्या मला."

इंजिन धडधडायला लागलं, पट्टा फिरला. केरबानं नवी नळी लावली. त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं ते आता व्हायचं होतं. काम बिघडलं तरच तो सुटणार होता. रेघा आल्या तर शेड त्याची, लेथ त्याचा. नाही आल्या तर सगळं गेलं. टूल आवळताना त्यानं पाना धरला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बोल्ट पाव फेरा ढिला करून ठेवला. ढिलं टूल थरथरणारच, नवख्यालाही ठाऊक असतं. बावीस वर्षांत त्यानं असलं पाप केलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

टूल आत गेलं. वीतभर गेलं. बिडाचा भुगा खाली पडत राहिला. हातभर झालं. केरबा कान देऊन उभा होता.

हुंकार आला नाही.

टूल पुढं सरकत राहिलं. यंत्राला आवाज असा नव्हताच. इंजिन धडधडत होतं, पट्टा फटफटत होता, पण यंत्र एकदम गप्प होतं. कुणीतरी श्वास धरून बसलंय असं केरबाला वाटलं. नृसिंहपंत मागे सरकत सरकत दाराशी जाऊन टेकले होते. त्यांनाही तो हुंकार ऐकू येत नव्हता, हे केरबाला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

नळी काढली. नृसिंहपंतांनी उजेडाला धरली. मग केरबाच्या हातात दिली. केरबानं आत बघितलं. आत काही नव्हतं. रेघ नाही, सावली नाही, ओरखडा नाही. ढिल्या टूलानं कापलेलं बीड, आणि आत त्याचा स्वतःचा डोळा त्याच्याकडे बघत होता. एवढं सुंदर काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

"म्हंजे तुजं यंत्र रेघा वडतच न्हाय," सयाजीराव म्हणाले. आवाज चढवला नव्हता, त्याची गरजच उरली नव्हती. "मग त्या सिलिंडरात कुनी वडल्या? तूच वडल्यास. आन् बाकीच्यातल्या घासून टाकल्यास."

बोल्ट ढिला केला होता हे सांगावं तर लबाडीची कबुलीच झाली असती. केरबानं ते कधीच कुणाला सांगितलं नाही, बाळाबाईलासुद्धा नाही.

नृसिंहपंतांनी उभ्या उभ्या कागद लिहिला. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाचा कागद दोन्हीकडे कापतो. जप्त केलेली ही नळी हत्याराची नव्हे, असं त्यांनी लिहिलं. यंत्र मात्र हत्याराच्या नळ्यांचंच आहे, हेही लिहिलं. "दोन्ही खरं आहे, केरबा. एकच कसं लिहू?" ते म्हणाले आणि त्यांनी नजर चुकवली. सयाजीरावांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं, चौकशी होईपर्यंत यंत्र जप्त. ती चौकशी कधी झालीच नाही. पुढच्या साली कोल्हापूर संस्थान मुंबईत विलीन झालं, फौजदार बदलले, कागद कुठल्या दप्तरात गेले कुणास ठाऊक. केरबा पुढं दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजानं राबला, तो अखेरपर्यंत.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. बैलगाडी आली, आठ शिपाई आले, आणि कुणालाच लेथ कसा उचलायचा ते माहीत नव्हतं. एकानं पहार नको तिथं घातली. केरबानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. पट्टा त्यानंच उतरवला, दोरखंड त्यानंच बांधले, उघड्या भागावर तेल त्यानंच लावलं आणि पोती गुंडाळली. शिपाई तो सांगेल तसं करत होते. मग तो गाडीमागून चौकीपर्यंत चालत गेला. रस्त्यात ओळखीची माणसं थांबून बघत होती, त्यानं कुणाकडे बघितलं नाही.

चौकीच्या मागं पत्र्याची पडवी होती, फरशी उंचसखल. लेथ तिथं उतरवला. सयाजीरावांनी पावती पुढं केली. "कर सही. झालं."

"थांबा जरा, सायेब."

केरबानं कोपरीच्या खिशातून सपाटी बघायची पाणसळ काढली, यंत्राच्या अंगावर ठेवली आणि वाकून तिच्यातला बुडबुडा बघितला. मग जमिनीवर पालथा झाला. पत्र्याचे बारीक तुकडे यंत्राच्या पायाखाली एकेक सारायला लागला. उठायचा, बुडबुडा बघायचा, परत पालथा व्हायचा. असं कितीतरी वेळ चाललं. शिपाई विड्या ओढायला निघून गेले.

"आरं, हितं कोन चालवनार हाय ते?" सयाजीराव म्हणाले.

"न्हाय कुनी. पर वाकडं बसलं तर अंगाला पीळ पडतोय त्येच्या. मग जात न्हाय."

सयाजीराव पावती हातात धरून उभे राहिले.

"झालं का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"ह्या अंगाला केसभर हाय आजून," केरबा जमिनीवरूनच म्हणाला.