बोगदा कुणी खोदला?

बाबांनी हयातभर डोंगर फोडून रेल्वेचे बोगदे काढले. दादाने कपड्यांचं दुकान टाकलं, तेव्हा कितीतरी दिवस ते जेवताना कुणाशी बोलले नाहीत. त्यामुळे माझं संशोधन 'बोगद्यांवर' आहे हे फोनवर ऐकल्याबरोबर त्यांनी ते गावभर केलं: पोरगी आपल्या लाईनमध्ये आली. मी पुढे अणूच्या गाभ्याबद्दल बोलत होते, पण माणूस आनंदात असला की ऐकतो कुठे.

परवा ते प्रयोगशाळा बघायला आले. पिशवीत त्यांचं जुनं पिवळं हेल्मेट. बोगद्यात शिरायच्या तयारीनेच आले होते. खरं सांगितलं तर त्यांचं तोंड एवढंसं होणार, आणि न सांगून करणार काय?

टेबलावर बटणाएवढा किरणोत्सारी स्रोत होता, वर मोजयंत्र. टिक, टिकटिक, टिक. मी सांगितलं, गाभ्यातून अल्फा कण बाहेर पडतायत. त्यांच्याभोवती बलाची भिंत आहे, ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नाही, तरी एखादा पलीकडे निघतोच. यालाच आम्ही बोगदा म्हणतो.

"खोदतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग भोक?"

"भोकही पडत नाही. भिंत होती तशीच राहते."

बाबांनी माझ्याकडे लबाड कंत्राटदाराकडे बघावं तसं बघितलं. मग प्रश्नांची सरबत्ती. भिंत जाड असली तर? फार क्वचित निघतो. पुढचा कधी निघेल? सांगता येत नाही. मी मध्ये कागद सरकवला, तशी टिकटिक थांबली. डोंगर पार करून आला नि कागदाला अडला, म्हणून ते मनापासून हसले. खिशातलं बसचं तिकीटही त्यांनी मध्ये धरून पाहिलं. तिकिटालाही अडला.

हसू ओसरलं तसे ते म्हणाले, "म्हणजे तू माझ्या लाईनमध्ये नाहीस."

"नाही, बाबा."

मला फक्त रडू यायचं बाकी होतं. त्यांनी मधला कागद बाजूला काढला, टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"मधे अडकतं का कोणी?"

हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही. मी शाळेत असताना त्यांच्या एका बोगद्याचं छत कोसळलं होतं. आत माणसं होती. त्याबद्दल बाबांनी घरात कधी अवाक्षर काढलं नाही.

"अडकलेला अजून कुणाला सापडलेला नाही," मी म्हणाले. "एक तर आत, नाहीतर बाहेर."

त्यांनी स्टूल ओढलं, बसले, चष्मा काढून पुसला.

"मग तुझीच लाईन बरी," ते म्हणाले.