आत्याबाईंचा मोतीबिंदू

माझ्या सासूबाई बनुबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, मला बघायला आल्या, तेव्हाच त्यांना धड दिसत नव्हतं. हे मला लग्नानंतर कळलं. लहानपणी मला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. कितीतरी स्थळं माझं तोंड बघून परत गेली होती. आत्याबाई मात्र आल्या, चहा प्यायल्या, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, पोरगी पसंत. सोबत माझ्या नवऱ्याचे मामा होते, पण स्थळ त्या मामांनीच आणलेलं. ते कशाला बोलतील?

शेजारच्या लंकाबाईनं एकदा पाणी भरताना मला ऐकवलंच, "म्हातारीला नजर असती, तर तू ह्या घरात आली नसतीस, चांगुणा." मी तिला तिथल्या तिथं चार शब्द सुनावले आणि घरी येऊन रडले.

आत्याबाईंचं तोंड भलतं तिखट. भाकरी जाड झाली, गाईनं लाथ मारली, सगळ्याचं खापर माझ्यावर. उलट बोलायची सोय नव्हती. मग मी समोर उभी राहून नाक मुरडायचे, जीभ काढून वेडावून दाखवायचे. त्यांना कुठं दिसत होतं? तेवढंच मला बरं वाटायचं.

दुष्काळाच्या साली राहुरीला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. आमचे हे रस्त्याच्या कामावर, म्हणून आत्याबाईंना न्यायचं माझ्यावर आलं. खरं सांगते, पाय उचलत नव्हता. त्यांना दिसायला लागलं की पहिली दिसणार कोण? मीच. आत्याबाईंची भीती वेगळीच. डॉक्टर डोळा बाहेर काढून धुतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलेलं.

डॉक्टर शांत माणूस. डोळा जागच्या जागीच राहतो, त्यांनी समजावलं. आत एक भिंग असतं, ते वयानं गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. सुई देऊन डोळा बधिर करायचा आणि ते भिंग काढून टाकायचं. मग काही दिवस उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, कडक काही चावायचं नाही. काढलेल्या भिंगाचं काम पुढं जाड चष्मा करील. उजवा मोती पिकलाय, तो आधी काढू, डाव्याचं नंतर बघू. दुखंल का, आत्याबाईंनी विचारलं. सुईपुरतं टोचेल, ते म्हणाले. आणि तसंच झालं.

वर्गातली बाकं बाहेर काढून तिथं खाटा टाकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, अशा आत्याबाई निजलेल्या. मी त्यांना पातळ पेज भरवायचे. तिथं त्या एकदाही खेकसल्या नाहीत. नुसता माझा हात धरून पडायच्या. हे सगळं पट्टी सुटेपर्यंतच, असं वाटून मला हुंदका यायचा.

डोळा पुरता बरा झाल्यावर पुन्हा त्याच शाळेत बोलावून चष्मा दिला. सगळं मोठं आणि जवळ दिसेल, सवय होईपर्यंत सांभाळून चाला, डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याबाई आपले हात बघत बसल्या. मग अंगणातलं लिंबाचं झाड बघितलं. मी पदर पुढं ओढून मागं उभी. बाहेर पडताना त्यांनी पायरीवर पाय भलताच उंच उचलला आणि झोक गेला. मी धावत जाऊन दंड धरला.

"आता धरतीस व्हय? मगाशी काय झोपली हुतीस?" त्या कडाडल्या.

सवयीनं माझी जीभ बाहेर आली. मग ध्यानात आलं. पदर खांद्यावर घसरला होता आणि त्या जाड काचेतून आत्याबाई माझ्याकडंच बघत होत्या. मी झटकन जीभ आत ओढली.

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, अगदी त्या दिवशीसारखा.

"हे वण तुला बघायच्या दिशीच माझ्या हाताला लागल्ते," त्या म्हणाल्या. "तवाच म्हनलं, जी पोर देवीनं परत धाडली, ती माझ्या घरात बी टिकंल."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं मी उगीच कुढत होते.

"पर तू मला वेडावून दावतीस, ते मातर आज कळलं. चल, डाक्टरला इचार, दुसरा डोळा कवा करायचा. एका डोळ्यात तुझे नखरे मावायचे न्हाईत."