मिशीवाली हिरॉइन

मोठ्या बाईंनी सातवीच्या वर्गाचा फोटो दाराएवढा करून आणला, तेव्हा पेंटर शिडीवर होता. एका अर्थी बरंच झालं. धरायला निदान शिडी तरी होती.

"कसा झालाय?" बाईंनी खालून विचारलं. स्टुडिओवाल्यानं आणि त्याच्या भावानं फोटो दोन बाजूंनी उचलून धरला होता, आणि त्या दोघांच्या मधून सातवीचा अख्खा वर्ग पेंटरकडे टक लावून बघत होता.

"मोठा झालाय," पेंटर म्हणाला.

"मोठाच हवा. चेहरे ओळखू आले पाहिजेत. नाक, कान, तीळ, सगळं." बाई भलत्याच खूश होत्या. "हा या भिंतीवर, आणि बरोबर समोर तुमची पोस्टरं. लोक इकडे बघतील, मान वळवतील, तिकडे बघतील."

पेंटरनं शिडी घट्ट धरली. लोक मान वळवतील ह्याचीच तर त्याला भीती होती.

बाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लहान बाई अशी गावात कुणी नव्हतीच, तरी त्या मोठ्या बाईच. शाळेचं छप्पर गळायला लागलं, कपाटातल्या वर्गांच्या फोटोंना कसर लागली, तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या आणि सगळे फोटो उचलून बंद पडलेल्या टॉकीजमध्ये आणले. मालकाच्या मुलानं किल्ली खुशाल देऊन टाकली. त्या जागेचं काय करावं हे त्याला कित्येक वर्षं सुचलं नव्हतं. झाडलोट करताना पडद्यामागे दुसराच खजिना निघाला. डोअरकीपरची बॅटरी, 'शांतता राखा' लिहिलेल्या काचेच्या स्लाइडी, इंटरव्हलची पितळी घंटा, आणि कापडावर रंगवलेली पोस्टरं, गुंडाळ्या करून रचून ठेवलेली. पोस्टरं सगळी पेंटरच्या हातची. बाईंनी जागच्या जागी ठरवून टाकलं की शाळा आणि सिनेमा एकाच हॉलमध्ये राहतील, कारण शाळा बुडवून मुलं यायची ती इथंच.

तेव्हापासून रोज दुपारी दोघं टॉकीजमध्ये असत. बाई मऊ कापडानं फोटो पुसायच्या, पेंटर पोस्टरं पसरून, कडांवर वजनं ठेवून सुरकुत्या घालवायचा. मधे थर्मासमधला चहा. बाईंचा नियम एकच, पण कडक. "जुनं आहे तसं ठेवायचं. धूळ पुसा, हवी तेवढी पुसा. नव्या रंगाचा थेंब लावायचा नाही." चहा पिताना त्या त्याला 'पेंटर, तुम्ही' म्हणायच्या, तो त्यांना 'बाई, तुम्ही' म्हणायचा, आणि आपण दोघं एकाच वर्गात होतो हा विषय दोघंही शिताफीनं टाळायची. पेंटरला इतक्या चांगल्या दुपारी आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्या संपू नयेत, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि आता हा फोटो!

भानगड फार जुनी होती. सिनेमाच्या वाटेवर हे गाव अगदी शेवटचं. रिळांची पेटी यायची गुरुवारी, आणि तिच्याबरोबरची छापील पोस्टरं आधीच्या गावांनी भिंतींना डकवून संपवलेली असायची. मग मालक तणतणत पेंटरच्या दुकानात यायचा आणि सांगायचा, "एक हिरो, एक हिरॉइन, एक व्हिलन, एक घोडा. संध्याकाळपर्यंत." हिरो कोण, दिसतो कसा, ते मालकाला तरी कुठं माहीत होतं? अक्षरं पेंटर डोळे मिटून काढी. चेहऱ्याला मात्र त्याला समोर चेहरा लागे. हवेतून काढायला गेला की सगळे बटाटे यायचे. घरात फोटो एकच होता, सातवीच्या वर्गाचा. तोच त्यानं खिळ्याला टांगला आणि कामाला लागला.

हिरो म्हणून मागच्या रांगेतला गिरणीवाला घेतला, कारण हनुवटी म्हणावी अशी त्या वर्गात त्यालाच होती. व्हिलन कंपाउंडर; तो सातवीतसुद्धा सुई टोचायच्या तयारीतच बघायचा. पोस्टमास्तरला डोक्याला रुमाल बांधून हिरोची दुःखी आई केलं. घोड्याचा फोटो काही घरात नव्हता. तेव्हा घोड्याला पेंटरनं वर्गाच्या फोटोत मधल्या खुर्चीत बसलेल्या ड्रिलमास्तरांचा चेहरा दिला, आणि घोडा असा काही करारी निघाला की मालक पुढं प्रत्येक सिनेमाला घोडा मागू लागला, मग सिनेमात घोडा असो वा नसो.

आणि हिरॉइन दुसऱ्या रांगेतली. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ, आणि फोटोग्राफर 'हसा' म्हणाला तेव्हा सगळा वर्ग हसला असताना मुद्दाम न हसलेली. पहिल्या पोस्टरवर ती आली, दुसऱ्यावरही तीच आली. हिरो अधूनमधून बदलायचे, डाकू आळीपाळीनं व्हायचे, ही मात्र कधी बदलली नाही. पेंटरनं तिला विमानात बसवलं, हातात तलवार दिली, बर्फात उभं केलं. स्वतः त्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, गुरुवारी काम असतं. त्या मुलीनंही केलं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, वह्या तपासायच्या राहिल्यात. पुढं ती शाळेची मुख्याध्यापिका झाली.

इतकी वर्षं हे कुणाला कळलं नाही, कारण तो फोटो घरोघरी ट्रंकेच्या तळाशी पडलेला आणि त्यात चेहरे वाटाण्याएवढे. आता ते परातीएवढे झाले होते.

घरी पेंटरच्या घशाखाली घास उतरेना. जेवायला वाढणारी त्याची वहिनी, थोरल्या भावाची बायको, समोरच बसली होती. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

"भावोजी, भाजीत मीठ नाही का?"

"आहे की."

"मग तोंड असं का केलंय?"

पेंटरनं बराच वेळ ताटातच बोट फिरवलं. "वहिनी, समजा, एखाद्या बाईचा चेहरा कुणाला ओळखू येऊ नये असं वाटलं, तर काय करावं?"

"चोरी करायचीय की लग्न?"

"अहो, चित्रातल्या बाईचा!"

"मिशी लावून द्या," वहिनी म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर हसत आमटी आणायला उठली. पेंटर हसला नाही. तो ताटावरून तसाच उठला. वहिनी परत आली तेव्हा पाटावर... पाटावर काय, घरातसुद्धा कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाई आमंत्रणं द्यायला गावात गेल्या होत्या. पेंटरनं आतून कडी लावली आणि हिरॉइनींना मिश्या काढल्या. रंग पाण्याचा घेतला, म्हणजे कधीतरी पुसता येईल आणि बाईंचा नियम निदान अर्धा तरी पाळल्यासारखं होईल. पण हात पडला कसबी. ओबडधोबड मिशी काढून मोकळा झाला असता तर ठीक होतं. ते त्याला जमेना. केसन् केस सुटा, टोकाला पीळ, एका बाजूनं उजेड. विमानातल्या हिरॉइनला तर अशी झुपकेदार मिशी आली की पेंटर दोन पावलं मागं सरून स्वतःशीच म्हणाला, "वा!" सगळ्या हिरॉइनींचे देखणे तरुण झाले. हनुवटीवरचे तीळही त्यानं झाकले. जीव भांड्यात पडला आणि तो घरी जाऊन गाढ झोपला.

उद्घाटनाला गाव लोटलं. बाईंनी फीत कापली, टॉकीजच्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं घंटा बडवली, लोक आत शिरले. मग वहिनीचा आवाज हॉलभर घुमला.

"अगं बाई! भावोजी, हे दोन बाप्ये एकमेकांकडे असे काय बघताहेत?"

हॉल फुटला. हसून हसून माणसं एकमेकांच्या खांद्यावर कोसळली. मिश्या नसत्या तर लोक लांबूनच 'छान, छान' म्हणाले असते आणि चहा पिऊन घरी गेले असते. आता जो तो पोस्टरला नाक लावून बघायला लागला. पेंटरनं आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही पीळदार.

पहिली ओरडली गिरणीवाल्याची नात. "आजोबा! हा तलवारवाला म्हणजे तुम्ही!"

गिरणीवाल्यानं पोस्टर पाहिलं. मान वळवून फोटो पाहिला. परत पोस्टर पाहिलं. मग हनुवटी वर करून तो जो उभा राहिला, तो शेवटपर्यंत ती खाली करेना.

मग एकच गलका उडाला. माना गरागरा फिरू लागल्या. "हा बघ, पोस्टमास्तर!" "मी? मी हिरोची आई?" पोस्टमास्तरच्या डोळ्यांतून हसताना पाणी यायला लागलं, आणि त्यामुळे तो पोस्टरसारखा हुबेहूब दिसू लागला. कंपाउंडर गर्दीतून वाट काढत पेंटरपर्यंत आला. "मी व्हिलन? किती सिनेमांत?"

"जवळजवळ सगळ्याच," पेंटर पुटपुटला.

"सगळ्या!" कंपाउंडरनं बायकोकडे वळून छाती फुगवली. "ऐकलंस?"

ड्रिलमास्तरांची मुलगी घोड्यासमोर उभी होती. तिनं हळूच घोड्याच्या नाकपुड्यांवरून बोट फिरवलं. "बाबा," ती म्हणाली, आणि मग पोट धरून अशी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. ज्यांना आपण सापडलो नव्हतो ते पेंटरला घेरून विचारत होते, मी कुठाय, मी कुठाय? पेंटर सांगत होता, तू झाडामागचा डाकू, तू बर्फातला दुसरा, आणि सांगता सांगता एकेक पाऊल दाराकडे सरकत होता.

दार हाताशी आलं, तेवढ्यात कंपाउंडरनं घात केला. "सगळे सापडले. पण हा मिशीवाला कोण? प्रत्येक पोस्टरवर आहे लेकाचा!"

सगळ्या माना फोटोकडे वळल्या. संपलं, पेंटरला वाटलं. संपल्या दुपारी, संपला थर्मास.

बाई पुढं झाल्या. फोटो पुसायचं कापड त्यांनी पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि विमानातल्या हिरॉइनची मिशी पुसली. मग हनुवटी. खालून तीळ वर आला. हॉलमध्ये "ओऽऽ" असा आवाज उठला आणि लगेच बसला. बाई दुसऱ्या पोस्टरकडे गेल्या, तिसऱ्याकडे गेल्या. एक एक मिशी पुसत त्या भिंतीच्या टोकापर्यंत पोचल्या, आणि भिंतभर त्याच न हसता उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या. ती नजर अर्ध्या गावानं शाळेत झेललेली होती.

"पेंटर, नियम काय होता?"

"नवा रंग नको."

"मग?"

"पाण्याचा होता, बाई."

"ते दिसलं. आणि हे नाक?"

"नाक?"

"माझं नाक इतकं सरळ कधी होतं? डावीकडे कललंय ते, जन्मापासून. पहिल्या पोस्टरपासून सांगीन सांगीन म्हणतेय."

पेंटरला आधी काही कळलंच नाही. "पहिल्या पोस्टरपासून?"

"मग? दर शुक्रवारी सकाळी वाट वाकडी करून मी इथनं जायचे. या आठवड्यात आपण काय काय केलं ते बघायला." बाईंचा आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. "तू मला विमानात बसवलंस ना, त्या दिवशी मी शाळेत कुणावर ओरडलेसुद्धा नाही."

तू! वहिनीनं शेजारणीला एवढ्या जोरात चिमटा काढला की ती किंचाळली.

"मग बोलल्या का नाहीत कधी?" पेंटरनं विचारलं.

"बोलले असते तर तू काढायचं बंद केलं असतंस."

आपण एकटेच घाबरून होतो असं पेंटरला आयुष्यभर वाटत होतं. त्याला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा तेच कळेना. त्यानं नुसतीच टोपी काढली आणि परत घातली.

"आता हे ऐक," बाई म्हणाल्या. "बाहेरची पाटी रंगवायची राहिलीय. तिच्यावर एक चेहरा हवा."

"काढतो की. फोटो आहेच."

"फोटो नको. त्या मुलीला गावानं पुष्कळ पाहिलं." बाईंनी बाल्कनीतली एक खुर्ची खाली मागवली, त्याच्या समोर मांडली आणि बसल्या. पांढरे केस, चष्मा, आणि डावीकडे कललेलं नाक. "समोर बघून काढ. आहे तशी."

पाटी आली, रंग आले, ब्रश हातात आला. दोन वेण्यांची ती मुलगी पेंटरला झोपेतही काढता आली असती. पण समोर बसलेल्या बाईंकडे त्यानं कधी चहाच्या घोटापलीकडे पाहिलं नव्हतं. त्याची नजर काही केल्या पाटीवरून उठेना.

"भावोजी, वर बघा की!" वहिनी ओरडली. "खाली काय सांडलंय?"

गाव हसलं. पेंटरनं वर पाहिलं.

"'हसा' म्हणत नाहीस?" बाईंनी विचारलं.

"हसा," पेंटर म्हणाला.

"हसा नाही."

त्यानं ब्रश रंगात बुडवला. "हस."

फोटोग्राफरला जे जमलं नव्हतं ते झालं. बाई हसल्या, आणि हसताना नाक आणखी थोडं डावीकडे गेलं. पेंटरनं नाकापासून सुरुवात केली.