भुऱ्या माझ्यात चढत नव्हता

मी एक गाडी. कागदोपत्री टेम्पो. रामेश्वर मला मोटारहोम म्हणतो आणि त्याची आई गोपिकाबाई मला "ते तुझं चाकावरचं खटलं" म्हणते. मी तिन्ही नावांना ओ देते.

माझं आधीचं आयुष्य राजूरजवळच्या एका गावात, आबारावांच्या दारात गेलं. आबाराव मेंढपाळ, रामेश्वरचे वडील. बाजाराच्या दिवशी माझ्यात मेंढ्या भरायच्या, मागची फळी लावायची आणि निघायचं. जाताना दहा-बारा जीव असायचे, येताना नुसत्या लेंड्या. त्यांचा कुत्रा भुऱ्या वेशीपर्यंत माझ्यामागं धावायचा आणि मी परतले की फळी हुंगत बसायचा. त्याला मी काय सांगणार? मला नेतील तिकडं जाणारी मी.

आबारावांचे गुडघे थकले तेव्हा उरलेला कळपही माझ्यातूनच गेला. त्या दिवसापासून भुऱ्या माझ्या सावलीतसुद्धा बसला नाही.

रामेश्वर जालन्यात वेल्डिंग करतो. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मला छप्पर चढवलं, खिडक्या कापल्या, झोपायला चार फळ्या, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवली. नव्या बायकोला, शालूला, घेऊन गोव्याच्या दिवार बेटावर जायचं, दोघांनीच, असा बेत होता.

"दोघंच जाता?" गोपिकाबाईंनी विचारलं. "फळ्या तं चार दिसून राह्यल्या."

झालं. आई निघाली म्हणून आबाराव निघाले आणि आबाराव निघाले म्हणून त्यांची दोन्ही कुत्री, भुऱ्या आणि रंगी, निघाली. शालू मंठ्याची, लग्नाला चार महिने झालेले. ती बोलायची कमी, बघायची जास्त. तिनं नवी गुलाबी चादर घडी करून परत पेटीत ठेवली.

रंगी तरणी, एका उडीत आत. भुऱ्या चारी पाय रोवून उभा. त्याला भाकरी दाखवली, मटणाचं हाडूक दाखवलं. शेवटी रामेश्वरनं बांधून, उचलून आत घातलं. अंबड येईपर्यंत तो रडला. मग गप्प झाला, ते जास्त वाईट होतं.

पुढच्या सीटवरून आबाराव मागं न बघता म्हणाले, "पुन्यांदा याला बांधायचं न्हाई. काय बी होऊ दे."

बेटावर फेरीबोटीनं गेलो. माझी चाकं थांबलेली आणि मी चाललेली, असं पहिल्यांदाच झालं. पलीकडं कापणी झालेली भातशेतं, खाडीकाठची हिरवी झाडी, टेकडीवर पांढरं चर्च. आबारावांना मात्र फक्त रिकामं वावर दिसलं. त्यांनी शेतमालकाला रामराम केला आणि विचारलं, "तीन दिवस बसू का?"

आमच्याकडं मेंढपाळ वावरात बसला की वावराला खत मिळतं, म्हणून शेतकरीच त्याला धान्य देतो. हे आठवून आबाराव ओशाळले. "मेंढरं न्हाईत हो आता. लेंड्या काही मिळायच्या न्हाईत."

मालकाला अर्धंच कळलं. त्यानं हसून जागा दिली आणि संध्याकाळी ताटलीभर तळलेले बांगडे आणून दिले.

"पहा," गोपिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "लेंड्यांबिगर बी देतेत लोक."

तिथं भुऱ्याला सुटा सोडला होता. तो माझ्यापासून वीस पावलांवर बसायचा. घरची माणसं बांधावरून फिरायला निघाली की मागून जायचा. एकदा गोपिकाबाईंच्या चपलेत खडा गेला, त्या मागं राहिल्या, तर तोही त्यांच्यामागं थांबला. रामेश्वर शालूला बगळे दाखवत होता आणि शालू कुत्रा बघत होती.

चौथ्या सकाळी निघायची वेळ झाली. माझं मागचं दार उघडलं.

"चल भुऱ्या," आबाराव म्हणाले. भुऱ्यानं मान फिरवली. अर्धा तास हेच.

"तुमी जा," शेवटी आबाराव म्हणाले. "मी याला घेऊन पायी येतो."

"अप्पा," रामेश्वर बापाला म्हणाला, "जालना हाय ते. शेजारचं वावर न्हाई."

"अख्खी जिंदगी पायीच गेली ना माझी?"

ते खरंच निघाले असते, त्या गुडघ्यांनी. रामेश्वरनं दोरी काढली, बापाकडं पाहिलं आणि ठेवून दिली.

"मामा, एक म्हणू का?"

शालू सासऱ्यांशी आपणहून बोलत नसे. त्यामुळं आधी गोपिकाबाईच वळल्या.

"भुऱ्या कोणाच्या पुढं चालतच न्हाई," शालू म्हणाली. "कळपामागं चालणारा कुत्रा तो. आपण त्याला अगुदर चढवून राह्यलो. पह्यले आपण चढू, मंग पाहू."

आबारावांनी आधी भुऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "चाळीस साल मेंढरं राखली मी," ते म्हणाले, "आन हे मला तू सांगून राह्यली." मग बायकोला म्हणाले, "चढ. काय पाहू राह्यली?"

रंगी चढली, गोपिकाबाई चढल्या, शालू चढली. आबारावही या वेळी मागंच बसले. रामेश्वरनं मला चालत्या माणसाच्या गतीनं सोडलं, मागचं दार सताड उघडं. मला फक्त आरसा होता. त्यात भुऱ्या बसलेलाच दिसत होता, लहान होत चाललेला.

मग तो उठला. आधी चालला, मग धावला. दाराशी येऊन आत एकेकाकडं पाहिलं. आणि माझ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन आलं. वीस किलोही नसेल. मेंढ्या भरायचे तेव्हासुद्धा मी इतकी दबले नव्हते.

आता आम्ही फेरीबोटीवर आहोत. गोपिकाबाई सुनेला सांगताहेत, "पुढल्या बारीला तुमी दोघंच जा बाई. या भुऱ्याला तेवढं न्या." शालू हसतेय, आवाज न करता.

मेंढरांबद्दल भुऱ्यानं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्यानं सगळ्यांचे पाय हुंगले आणि दारातच आडवा झाला. या खेपेला आतलं कोणी उतरलंच, तर त्याला ओलांडून उतरावं लागेल.

जालन्याच्या रस्त्यावर मी दिसले तर हॉर्न जरा बेतानं वाजवा. तो आत्ताच झोपलाय.