महमूददादांची तपासणी

शकिलाने चष्मा पदराने पुसला आणि नातीचा मोबाईल पुन्हा लांब धरला. पडद्यावर पिवळ्या कागदावरचं तिरकं इंग्रजी अक्षर होतं.

"यात आमचे दादा कुठं हायेत?"

"हे बघ. महमूद वल्द इमाम, राहणार नेवासा." अफ्रीनने बोट ठेवलं. ती मुंबईत सार्वजनिक आरोग्य शिकत होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगवर लिहिताना एका जुन्या दवाखान्याच्या कागदांत तिला हे पत्र सापडलं, आणि ती सुट्टी काढून थेट नेवाशाला आली.

शकिलाला अक्षर कळत नव्हतं, पण नाव ऐकून ती सावरून बसली. महमूददादा तिच्या वडिलांचे वडील. ते वारले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की ते घरातल्या सगळ्या पोरांना अंगणात ओळीनं उभं करत. "हात वर." मग प्रत्येकाच्या काखेत, मानेखाली त्यांची थंड बोटं फिरायची. कुठं गाठ लागते का, ते बघायची. प्लेग केव्हाच सरला होता. पोरांना गुदगुल्या व्हायच्या, तिचा धाकटा भाऊ परवेझ तर हसून लोळायचा. दादा हसत नसत. शेवटच्या पोराचे हात खाली आले की मोठा श्वास सोडत, आणि मगच जेवणाची पानं मांडली जात.

"गाव म्हनायचं, मरीला भिऊन मुंबईहून पळून आला," शकिला म्हणाली. "भर बाजारात म्हनायचे. दादा कधी उलटून बोलले न्हाईत."

"पळाले नव्हते, दादी. दोन वर्षं प्लेगच्या दवाखान्यात रोगी उचलायचं काम केलं त्यांनी. त्यांना कामावर घेणाऱ्या डॉक्टरचंच हे पत्र आहे."

शकिलाचा चेहरा उजळला. "परवेझला फोन लाव. लई खूश व्हईल."

अफ्रीनने फोन लावला नाही.

"अजून काय लिवलंय?"

"राहू दे ना, दादी."

"वाच."

अफ्रीन थांबत थांबत मराठीत सांगू लागली. "याची चार वर्षांची मुलगी तापाने पडली. तपासणीचे शिपाई चाळीत आले तेव्हा याने तिला लाकडांमागं लपवलं. दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही, अशी याची समजूत. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली, पाठोपाठ तिची आई. आठवड्याने हा आपणहून दवाखान्याच्या दाराशी आला. पगार विचारला नाही. म्हणाला, गाठ कशी ओळखायची तेवढं मला शिकवा."

शकिला अंगणाकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरून पदर घेतला.

"आमचे अब्बा तर हितं आल्यावर केलेल्या लग्नाचे. त्यांनाबी ठाव नव्हतं हे," ती म्हणाली. "एकट्यानंच वागवलं म्हाताऱ्यानं." मग तिने विचारलं, "पोरीचं नाव काय हुतं?"

"नाव नाही लिहिलेलं. नुसतं 'मुलगी, वय चार'."

शकिला गुडघ्यावर हात टेकून उठली.

"उद्या जुम्मा हाय. खीर करून फातिहा देऊ."

"कुणाच्या नावानं सांगायचं?"

"अब्बांची बहीन ना ती? मग माझी थोरली फुफी म्हन." स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. "आन् खीर जरा गोड कर. ल्हान हाय ती."