बक्षीस मिळालेली गोधडी

“बाई, शिवून झालीय न्हवं? मग आजच टाका पोरीच्या अंगावर. लय खोकती ती.”

झुंबरमावशींनी इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मीही ते ऐकलं होतं. मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि कुणी माझ्या नक्षीला ‘वा!’ म्हटलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

गोष्ट लोणावळ्याची, एकोणीसशे चौतीस सालच्या पौषातली. स्टेशनामागच्या पडक्या गुदामात बयाबाई आणि तिची चार वर्षांची अंबू राहत. घाटात खडी फोडताना नवरा गेला आणि मायलेकी उघड्यावर पडल्या. सुनेत्राबाईंच्या महिला मंडळाने अंबूसाठी मला शिवायला घेतलं. बाया जुनी लुगडी घेऊन ओसरीवर जमत आणि कुरवंड्याहून दूध घालायला येणाऱ्या झुंबरमावशी त्यांना धावदोरा शिकवत. मी झाले मात्र फारच देखणी. तिथेच घात झाला.

मांडीवरच्या तान्ह्याची कुंची सारखी करत सुनेत्राबाई म्हणाल्या, “मावशी, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. पुण्याच्या प्रदर्शनात हिला बक्षीस मिळालं, तर लोक मंडळाला आणखी कपडे देतील. तोवर अंबूला पोतं दिलंय की.”

“मग परदर्शनात पोतं धाडा,” मावशी म्हणाल्या, “आन् गोधडी पोरीला द्या.”

बाया खदखदून हसल्या. सुनेत्राबाईसुद्धा हसल्या. मला राग आला, तो मावशींचा.

पुण्यात मला दोरीवर टांगलं. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. रेशमी पदरांच्या बायका माझ्यापुढे थांबत. पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी टाचली, तेव्हा मी फुगून गेले. मी कुणासाठी शिवली गेले, हे त्या दिवसांत मला एकदाही आठवलं नाही.

परत येताच सुनेत्राबाई मला घेऊन गुदामात गेल्या. बयाबाई एकटीच बसली होती.

“अंबू कुठंय?”

“गेली, बाई. तुमची गाडी पुण्याला गेली, त्याच्या तिसऱ्या दिशी.”

तिने माझ्यावरून हात फिरवला. मग टाचलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, “ह्यो कागद कशाचा, बाई?”

सुनेत्राबाई कॉलेजात शिकलेल्या. पण ती चिठ्ठी त्यांनी वाचून दाखवली नाही; टाचणी काढून मुठीत चुरगळली.

“लय उबदार हाय,” बयाबाई म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या.”

त्यानंतर मी पुष्कळ लेकरांच्या अंगावर पडले. धुळीने मळले, विरले, फाटले. मंडळाची एकही गोधडी पुन्हा घरात एक दिवस थांबली नाही. सुनेत्राबाई रोज सकाळी तान्ह्याला कडेवर घेऊन गुदामाकडच्या उघड्यावरच्या वस्तीत फेरी मारत आणि तिथल्या प्रत्येक लेकराच्या कपाळाला हात लावून बघत. त्यांना कुणी पुण्यवान म्हटलं, तर त्या मान खाली घालत. मीही घालते.

मित्रांनो, मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. रस्त्याकडेला राहणारं, तुमच्या पाहण्यातलं एखादं मूल दोन दिवसांत दिसलं नसेल, तर हे वाचन बाजूला ठेवा. आधी जाऊन त्याला बघून या.